घरातलं नाव

जिनात माझे कान नावाजलेले होते. निजामाच्या राज्यात, हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात मी मुकादम होतो. दिवाळी झाली की रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, सुरू व्हायचे, आणि मग उन्हाळा तापेपर्यंत त्या लांबलचक पत्र्याच्या शेडात असा खडखडाट असायचा, की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी दुसऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं. सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे पडत असायची, हवेत कापसाची कुसं उडत असायची, आणि रेच्यावरच्या बाया एकमेकींना ओरडून काय सांगतात ते सगळं माझ्या कानावर पडायचं. कुणाची सासू कशी, कुणाच्या नवऱ्याने काय प्रताप केला, आणि मुकादमाचं नाक केवढं मोठं, हेसुद्धा. बाया म्हणायच्या, "मुकादमाच्या माघारी बोलायची सोय न्हाई बाई." शेटजी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमचा मारोतराव तिखट कानाचा आहे.

आणि घरी आलो की मला काही ऐकू यायचं नाही.

हे वाचून हसू येत असेल तर हसा. मीही आता हसतो. पण तुमच्या घरात असा एखादा माणूस असेल, बाहेर सगळं ऐकणारा आणि घरात मख्ख बसणारा, तर त्याला ढोंगी ठरवायच्या आधी माझी हकीकत वाचा. त्यासाठीच लिहायला बसलो आहे. औषधपाण्याचं मला फारसं कळत नाही, ते डॉक्टर सांगतील.

*

कान नेमके कधी गेले ते मला सांगता येत नाही. डोळे गेले तर माणूस ठेचाळतो, त्याला लगेच कळतं. कान जातात तेव्हा वाटतं, आपण आहोत तसेच आहोत, लोकच हळू बोलायला लागलेत. आमच्या घरात माणसं तीनच. मी, माझी बायको सरस्वती आणि आमची पोरगी गोदावरी, म्हणजे गोदी. सरस्वती मुळातच हळू बोलणारी, त्यात चुलीकडे तोंड करून. मला वाटायचं, ही पुटपुटते.

मग मी मान हलवायला शिकलो. कमी ऐकू येणारा प्रत्येक माणूस हे शिकतो, कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्याचा चेहरा बघायचा. चेहरा हसरा असला तर आपण हसून मान हलवायची, उतरलेला असला तर कपाळाला आठ्या घालून हलवायची. बहुतेक वेळा भागून जायचं. "काय म्हणालात?" असं विचारायची मला लाज वाटायची. एकदा विचारलं की दुसऱ्यांदा विचारावं लागतं, आणि तिसऱ्यांदा समोरचा माणूस वैतागतो.

जिनातल्या बाया आमच्याच गल्लीत राहायच्या. विहिरीवर त्या सरस्वतीला सांगायच्या, तुमचे मालक लई कानाचे. ती घरी यायची आणि माझ्याकडे बघत राहायची. एकदा ती माझ्या अगदी तोंडासमोर येऊन एवढ्या जोरात बोलली, की मला ऐकू आलं.

"जिनातल्या बायांचं ऐकू येतं, मंग माझंच काहून येत न्हाई तुमाला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुष्कळ विचार केला आणि मला तिचंच पटायला लागलं. मला ऐकू येतं हे जिनात रोज सिद्ध होत होतं. मग घरात येत नाही, याचा अर्थ माझं मन घरात नाही. मी वाईट नवरा आहे, बायकोचं बोलणं मी कानाआड करतो, आणि ते मला स्वतःलाही कळत नाही. संध्याकाळी मी मुद्दाम चुलीजवळ जाऊन बसायचो, सगळा जीव कानात आणायचो. तिचे ओठ हलताना दिसायचे. काही यायचं नाही. मग मला आणखीच अपराधी वाटायचं आणि मी मान हलवायचो.

हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, तंटा नाही. ताट वाढलं की तांब्यावर वाटी वाजवायची. पाव्हणा आला की दाराकडे बोट करायची. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. घरात शांतता आहे, कुणाची कटकट नाही, असं मी चारचौघांत सांगायचोसुद्धा. याची मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

*

माझं बिंग फोडलं ते पावसाळ्याने. जीन बंद होतं, पेढीवर सगळं शांत. शेटजींनी मला बोलावून काहीतरी बराच वेळ सांगितलं. त्यांच्या मिशा मोठ्या, ओठ दिसत नाहीत. मी अंदाजाने हसून मान हलवत राहिलो. शेवटी ते बोलायचे थांबले आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागले. त्यांच्या आईला अर्धांग झाल्याचं ते मला सांगत होते.

दुसरा कुणी असता तर त्याने मला हाकलून दिलं असतं. ते उठले, माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि माझ्या नावाने हाक मारली. मी तसाच बसून होतो. मग पुढे येऊन त्यांनी खिडकीचं दार धाडकन आपटलं, ते मला ऐकू आलं. "मारोतराव," ते ओरडले, "तुमी बहिरे हाव! काहून सांगितलं न्हाई?"

काय सांगू? मला तरी कुठं माहीत होतं?

त्यांनीच हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची ओळख काढून दिली. गोदीला वसमतला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो. गाडीचा डबा जुना, खिडक्या खुळखुळत होत्या, चाकं खडखडत होती, सगळी माणसं ओरडून बोलत होती. थोड्या वेळाने सरस्वती काहीतरी ओरडून म्हणाली, "खिडकी लावा, कोळसा येऊन राहिला डोळ्यात." मी उठून खिडकी लावली.

ती बघतच राहिली. मग तिने मुद्दाम तोंड फिरवून विचारलं, "पाणी पिता का?"

"दे," मी म्हणालो.

तिने तांब्या दिला नाही. "इथं तर बराबर ऐकू येऊन राहिलं तुमाला," ती म्हणाली. "मंग दवाखान्यात काय दावायचं? पूर्णेला उतरू आन् माघारी जाऊ. कशाला दुसऱ्याच्या जिवाला तकलीफ?"

माझी मान खाली गेली. तिला वाटलं मी पकडला गेलो, आणि मलाही तसंच वाटलं. पूर्णेला गाडी बदलताना आम्ही फलाटावर गाठोडं ठेवून बराच वेळ उभे होतो. ती हिंगोलीकडे जाणाऱ्या गाडीकडे बघत होती, मी हैदराबादच्या. शेवटी शेटजींना काय तोंड दाखवायचं, या भीतीने मी गाठोडं उचललं.

*

कानाच्या दवाखान्यासारखी गंमत दुसरीकडे नाही. चपराशी दारात येऊन नावं पुकारतो आणि कुणी उठत नाही. बाकावर बसलेले सगळेच बहिरे. म्हणून प्रत्येकाबरोबर एक ऐकणारं माणूस लागतं. माझ्यासाठी सरस्वती दाराकडे कान लावून बसायची. तिला उर्दू येत नव्हती, चपराशी माझ्या नावाचं काहीतरी भलतंच करायचा, तरी तिने एकदाही माझा नंबर चुकू दिला नाही. नाव आलं की ती माझ्या कोपराला ढोसायची.

कान साफ करायला, थेंब घालायला आम्हाला रोज जावं लागायचं. तिच्या शेजारी एक बुरखेवाली बाई येऊन बसायची. तिचाही नवरा माझ्यासारखाच. मोडक्यातोडक्या दखनीत दोघींचं जमलं. मी समोर बसून बघायचो. सरस्वती बोलत होती, हात हलवून काही सांगत होती, मध्येच पदर तोंडाला लावून हसत होती. ती एवढं बोलते हे मी विसरून गेलो होतो. मला त्या परक्या बाईचा हेवा वाटला.

ज्या दिवशी निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी एक दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा काढला. गुडघ्यावर आपटून माझ्या कानासमोर धरला. काही नाही. मी मान हलवणार, तेवढ्यात त्यांनी त्याची मूठ माझ्या कानामागच्या हाडावर टेकवली. डोक्यात एकदम सूर घुमला, स्वच्छ, देवळातल्या घंटेचा मागे राहतो तसा. मी "आला! आला!" म्हणून ओरडलोच. डॉक्टर हसले आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले, "शोरगुल में अच्छा सुनाई देता ना?"

मी सरस्वतीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

"हां साब. जिन में आता, गाडी में आता. घर में नहीं आता."

"यही तो बीमारी है," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माझ्या कानाच्या आत आवाज पुढे नेणारी वाट बंद झाली होती. आतली नस मात्र शाबूत होती. गोंगाट असला की माणसं ओरडून बोलतात, आणि तो गोंगाट माझ्यापर्यंत तितका पोचतच नाही, म्हणून त्यांचं बोलणं मला नीट येतं. शांत घरात हळू बोललेलं बाहेरच राहतं. वाट उघडून द्यायचं काम त्यांच्या हातचं नव्हतं. पण हाडातून आवाज आत पोचवणारं यंत्र मिळतं, ते मुंबईहून मागवा, असं ते म्हणाले.

मला नाचावंसं वाटलं. कान बिघडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी लबाड नव्हतो, माझं मन घराबाहेर नव्हतं, मी नुसता आजारी होतो! वऱ्हांड्यात आल्यावर मी सरस्वतीला म्हणालो, "ऐकलंस ना? बीमारी हाये म्हने." ती खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला एवढ्या मोठ्या गोष्टीचा आनंद का होत नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

*

गोदीला घेऊन आम्ही हिंगोलीला परतलो. यंत्र शेटजींच्या ओळखीच्या मुंबईच्या कापूस दलालाने पाठवलं. एक काळी डबी कोटाच्या आतल्या खिशात, जाडजूड सेल कमरेच्या पिशवीत, तिथून वायर पाठीवरून वर, आणि डोक्यावरून जाणाऱ्या पोलादी पट्टीच्या टोकाला एक बटण. ते बटण कानामागच्या हाडावर घट्ट बसवायचं आणि वरून टोपी घालायची. पट्टी एवढी आवळायची, की संध्याकाळपर्यंत तिथलं कातडं लाल होऊन ठणकायचं. ज्यांना असं यंत्र मिळेल त्यांना सांगतो, बटणाखाली कापडाची घडी घालू नका, आवाज बसतो. खोबरेल लावा आणि दुखणं सोसा.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मला माझ्याच कोटाची सळसळ ऐकू आली. एवढी मोठी, की मी दचकून मागे पाहिलं. भाकरी चावायला लागलो तर डोक्यात खडीवरून बैलगाडी चालली. अंगणात चिमण्या भांडत होत्या. चिमण्या ओरडतात हे मला माहीत होतं, पण एवढं? गोदी समोर येऊन म्हणाली, "दादा, तुमच्या डोस्क्याला हे काय बांधलं?" तिचा आवाज किंचित घोगरा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ती घाबरून आत पळाली.

गल्लीत लोक म्हणायचे, मुकादम डोक्यात रेडिओ घालून फिरतो. जिनात मात्र त्या यंत्राचा काही उपयोग नव्हता, रेच्यांचा आवाज हाडात शिरून कवटी फुटायची वेळ यायची. म्हणून जग जे करतं त्याच्या उलट माझं चाललं. लोक कामाला जाताना नटूनथटून जातात, मी कामावरून घरी आलो की हातपाय धुवून कान घालायचो.

सरस्वती माझ्याशी काही बोलली नाही. तांब्यावर वाटी वाजवायची तशीच वाजवली. आता ती वाटी मला फार कर्कश वाटली.

*

दोन-तीन दिवस गेले. मी ओसरीवर बसायचो आणि आत सरस्वतीचा आवाज यायचा. "मैना, पाणी दे गं." "मैना, कुठं उलथलीस?" मला वाटलं, शेजारची कुणी मैना नावाची पोरगी आमच्याकडे खेळायला येते. बरं आहे, गोदीला सोबत झाली.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी आत जेवायला बसलो होतो. सरस्वती भाकरी थापत होती. ती मान न वळवता म्हणाली, "मैना, लाकूड मागं वढ." आणि माझ्या शेजारी बसलेली गोदी उठली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि परत येऊन जेवायला लागली.

माझा घास हातातच राहिला. पोरगी सात वर्षांची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला अंगणात गाठलं. "गोदे, मैना कोन गं?"

ती खदखदून हसली. "मीच की!"

"कुणी ठिवलं हे नाव?"

"आईनं. तिचंच जुनं नाव हाये. लग्नात गेलं ना तिचं, मंग तिनं मला दिलं."

मग मला आठवलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच 'सरस्वती' असं लिहिलं होतं. नाव माझ्या आईने ठरवलेलं. तिच्या माहेराहून, डोंगरकड्याहून, तिचे वडील, म्हणजे आबा, यायचे तेव्हा अंगणातूनच "मैना!" अशी हाक द्यायचे. माझ्या आईला ते खपायचं नाही, ती म्हणायची की लेक दिली तसं नावही दिलं. ते पुढे हाक न मारताच आत यायला लागले. ते वारल्यावर तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

संध्याकाळी ती सुपात ज्वारी पाखडत होती. मी समोर बसलो.

"पोरीला मैना म्हनतेस?"

"तुमच्यासमोरच म्हनते," ती म्हणाली. "लपून कवा म्हनलं?"

"मला काहून न्हाई सांगितलं?"

तिने सूप खाली ठेवलं. आता ती बोलणार हे मला कळलं आणि भीती वाटली.

"सांगितलं न्हाई, इचारलं व्हतं. बारशाच्या आदल्या दिशी. मी म्हनलं, माझं माहेरचं नाव पोरीला ठेवू द्या. मी सोताच म्हनलं तर बाया हासतील, तुमी आक्काला सांगून ठिवा. तुमी माझ्याकडं बघून गोड हासले आन् मान डोलवली. मी रातभर खूश व्हते. दुसऱ्या दिशी पाळण्यापाशी बसले, आता आक्का मैना म्हनतील, आता म्हनतील. त्यांनी पोरीच्या कानात कुर्र केलं आन् गोदावरी म्हनलं. मी दाराकडं पाह्यलं. तुमी भाईर बत्तासे वाटून राहिले व्हते."

ते बत्तासे मला चांगले आठवतात. मी फार आनंदात होतो. नदीचं नाव ठेवलं, छान झालं, असं सगळ्यांना सांगत होतो.

"मला ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो.

"म्हाईत हाये. डाक्तर बोलला तवाच समजलं." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "त्याच्याच्यानं तर गोष्ट अवघड झाली. इतकी वर्सं मी तुमच्यावर राग धरून बसले. म्हनलं, ह्या मानसानं हो म्हनून गळा कापला. आता कळलं की तुमी लबाड न्हाई. मंग त्यो राग मी कुठं नेऊन ठिवू? तुमच्यावर ठिवता येईना, टाकून देता येईना."

तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. ज्वारीचा तो सुऱ्सुऱ् आवाज मी कितीतरी वेळ ऐकत बसलो.

*

डॉक्टरांनी मला सोडून दिलं होतं. यही तो बीमारी है, दोष कुणाचाच नाही. पण मला सुटल्यासारखं वाटेना. मी ओसरीवर बसून हाच विचार करायचो. ऐकू आलं नाही हे माझ्या हातात नव्हतं, पण ऐकू आल्यासारखं हसलं कोण? कान देवाने नेले, मान मी हलवली. मी तेव्हा नुसतं "काय म्हणालीस?" असं विचारलं असतं, तर एका पोरीचं आणि एका बाईचं नाव राहिलं असतं. आणि हे एक मला कळलं. बाकी अशा किती गोष्टींना मी हसून मान डोलवली असेल, त्याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. तिला विचारायची हिंमत नव्हती.

गोदीला मी एकदा म्हणालो, "मी पन मैना म्हनू का गं तुला?"

तिने विचार केला. "आईला इचारा," ती म्हणाली.

मी विचारलं नाही.

एवढं मात्र झालं, की सरस्वती कामापुरतं बोलायला लागली. काही सांगायचं असलं की ती स्वतःच्या कानामागे बोट टेकवायची, म्हणजे 'लावा'. मी यंत्र चालू करायचो. मग ती म्हणायची, मीठ संपलंय, किंवा दोरी काचलीय, नवी आणा. बस. पण मीठ संपल्याचं तिच्या तोंडून ऐकायला मिळतं, याचंही मला अप्रूप होतं. मी मीठ आणायला पळत जायचो.

पुढच्या हंगामात सेल मिळेनासे झाले. निजाम सरकारचं आणि हिंदुस्थान सरकारचं बिनसलं होतं, हद्दीवर नाकी बसली होती, मुंबईचा माल येणं बंद झालं. गल्लीतली निम्मी घरं वऱ्हाडात सोयऱ्यांकडे निघून गेली होती, उरलेली दिवस मावळायच्या आत दारं लावून घेत. जीन बंद होतं. अशा दिवसांत कानाच्या सेलची रड कुणाजवळ सांगायची? लोकांच्या जिवाला घोर आणि मला सेलची पडली आहे, याचीसुद्धा मला लाज वाटायची. मी यंत्र संध्याकाळी थोडा वेळ लावायला लागलो. मग त्याहून थोडा. आवाज बारीक होत चालला, कुणीतरी घोंगडीखालून बोलावं तसा.

*

शेवटच्या सेलमध्ये काही दम उरला नव्हता. एक दिवस सकाळी मी अंगणात बाजेवर बसलो होतो. यंत्र लावलं तर नुसती खरखर. डबीवर टिचकी मारली तेव्हा चिमण्यांचा आवाज लांबून आल्यासारखा आला. आता हे बंद पडणार. उद्यापासून पुन्हा तांब्या आणि वाटी. माझ्या मनात आलं, ते नाव एकदा तरी आपल्या तोंडून निघालेलं ऐकावं. गोदी परसात असेल, रागावली तर रागावू दे.

"मैना!" मी हाक मारली.

"ओ!"

बारीक, पण आली. परसातून आली नव्हती, स्वयंपाकघरातून आली होती. गोदीचा आवाज घोगरा. हा तसा नव्हता, एखाद्या लहान पोरीने खेळता खेळता द्यावी तशी ती ओ होती.

सरस्वती दारात आली. हाताला कोपरापर्यंत पीठ. ती माझ्याकडे, मग अंगणाच्या फाटकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. तिचे ओठ हलले. यंत्रात खरखर झाली आणि मग ती खरखरही बंद पडली. काही आलं नाही.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसरा होता की रडवेला, ते मला ठरवता येईना. इतकी वर्षं चेहऱ्यावरून अंदाज बांधत आलो, पण असा चेहरा मी तिचा पाहिलाच नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती. माझी मान सवयीने हलायला निघाली. मी ती दोन्ही हातांनी धरली, अगदी खरोखर धरली, आणि म्हणालो, "मला ऐकू आलं न्हाई. सेल गेला. तू काय म्हनलीस ते परत सांग."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हणत होतो.

मग तिने गल्लीत कुणी आहे का ते पाहिलं, अंगण ओलांडून माझ्याजवळ आली, माझी टोपी वर सरकवली आणि पिठाच्या बोटांनी ते बटण बाजूला केलं. माझ्या कानामागच्या हाडाला तोंड लावून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"मला वाटलं, आमचे आबा आले!"